रेघेबाहेरचे ठिपके

मी डब्याचं झाकण उघडलं आणि डॉ. हर्षे स्वतः सिरिंज हातात घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले. दुपारचे तीन वाजले होते. सकाळपासून मोतीबिंदूच्या शिबिरातल्या बहात्तर माणसांचं रक्त तपासून माझे हात लाकडासारखे झाले होते आणि चपातीचा पहिला तुकडा अजून मोडायचा होता. नमुना आणून द्यायला एरवी वॉर्डबॉय असायचा. डॉक्टर स्वतः आले म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळत होतं.

"तांबटबाई, जेवण जरा राहू दे," ते म्हणाले. "डोळ्याच्या आतलं पाणी आहे. चार थेंब मिळालेत. पुन्हा मागायला जाता येणार नाही."

"कुणाचं, सर?"

"भूपाल मगदूम. एकोणीस दिवसांपूर्वी मीच मोतीबिंदू काढला. परवापर्यंत बरा होता, आज डोळ्यात पू आहे." ते बाकावर टेकले. सकाळपासून तेही उभेच होते. "त्याला तो एकच डोळा आहे."

भूपाल मगदूम द्राक्षाची कलमं भरायचे. तासगाव भागात त्यांना भूपालआण्णा म्हणूनच ओळखत. रानटी खुंटाला चीर द्यायची, त्यात चांगल्या जातीच्या काडीची पाचर बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळून बांधायची, हे काम ते चाळीस वर्षं करत होते. लहानपणी बाभळीचा काटा लागून उजवा डोळा गेलेला, त्यामुळे सगळा कारभार डाव्यावर. त्या डाव्यात मोतीबिंदू झाला म्हणून ते आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात आले होते. गणपती नुकतेच बसले होते, आणि गणपती उठले की कलमांचा मोसम सुरू होणार होता.

डॉक्टर गेले. मी डबा झाकून ठेवला आणि कामाला लागले.

डोळ्यातला नमुना प्लेटवर लावायची एक रीत असते. रक्त मिसळलेल्या लालसर थरावर तारेच्या टोकाने चंद्रकोरीसारख्या लहान लहान रेघा ओढायच्या, एकाखाली एक, तीन ओळींत. मग प्लेट उबेच्या कपाटात ठेवायची. पुढं चंद्रकोरीवर जे उगवेल ते पेशंटच्या डोळ्यातलं. चंद्रकोरीच्या बाहेर उगवेल ते हवेतलं, ते मोजायचं नाही. माझ्या चंद्रकोरींचं कौतुक होतं. आमच्या लॅबच्या डॉक्टर फडणीस मॅडम म्हणायच्या की तांबटबाईंची प्लेट म्हणजे दिवाळीतलं अंगण. मॅडम सांगलीहून आठवड्यातून दोनदा यायच्या आणि रिपोर्टच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून जायच्या. बाकी मजकूर मी भरायचा. असं चालायला नको होतं, पण चालत होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

लॅबमध्ये खरं तर दोन माणसं हवीत. कुंभार नावाचा माझा जोडीदार जूनमध्ये पुण्याला निघून गेला आणि त्याच्या जागी आज माणूस येतो, उद्या येतो, असं करत गणपती आले. घरी सासूबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या. रात्री दोनदा उठायचं, पहाटे स्वयंपाक करायचा आणि आठला लॅब उघडायची. दमणूक म्हणजे काय ते मी त्या पावसाळ्यात शिकले. बसल्या जागी डुलकी लागत नसे, उलट झोपेची इच्छाच मरून गेली होती.

शेवटची ओळ ओढत असताना टेबलावरचा फोन वाजला. हात दचकला. तरी मी ओळ पुरी केली, झाकण लावलं आणि फोन उचलला. शेजारच्या वहिनी होत्या. सासूबाई पलंगावरून उतरायला गेल्या आणि पडल्या, म्हणाल्या. मी प्लेट कपाटात सरकवली, काचपट्ट्या रंगवून मायक्रोस्कोपखाली घातल्या. पुवाच्या पेशी होत्या ढीगभर, जंतू एकही नव्हता. तसं लिहून दिलं आणि घरी पळाले. डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी प्लेट कोरी. बुधवारी कोरी. गुरुवारी सकाळी प्लेट उजेडात धरली तर कडेला खडूची भुकटी पडावी तसे पाच-सात पांढरे ठिपके होते. सगळे चंद्रकोरींच्या बाहेर. त्या दिवसांत खिडकीची जाळी फाटलेली होती आणि बाहेर गणपतीच्या मांडवापुढं दिवसभर वर्दळ होती, धूळ नुसती उडत होती. मी प्लेट पालथी केली, मार्करने प्रत्येक ठिपक्यामागे फुली मारली आणि बाजूला तारीख घातली, चार-नऊ. हीही रीतच. तारीख घातली की त्याच ठिपक्यावर पुन्हा वेळ जात नाही.

रिपोर्टवर लिहिलं, 'वाढ नाही'.

डॉ. हर्षे जंतूचं नाव माहीत नसताना जी दोन औषधं देतात ती डोळ्यात टोचून बसले होते. गुणच येईना. शुक्रवारी पुन्हा टोचली. शनिवारी ते लॅबमध्ये येऊन माझ्या खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे चोळत राहिले.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, सर."

"बुरशी?"

"तीही नाही."

"तिसरं एक औषध आहे," ते म्हणाले. "अमिकासिन. पण थेंबभर कमी-जास्त झालं तर डोळ्याचा पडदाच जाळतं. एकुलता एक डोळा. नाव कळल्याशिवाय मी ते आत घालणार नाही, तांबटबाई. मला नाव द्या."

माझ्याकडे नाव नव्हतं. ते गेल्यावर मला त्यांचा राग आला, हे आज सांगायला हरकत नाही. जणू मी नाव कुठं डब्यात लपवून ठेवलंय, असं मनात म्हणाले.

आण्णांची लेक त्रिशला रोज लॅबच्या खिडकीशी यायची. तिशीची, उन्हाने रापलेली, बोटांना कलमांच्या सुरीचे जुने व्रण. बापाबरोबर कलमं भरायला ती लहानपणापासून जायची. मी नर्स नाही हे तिला दोनदा सांगून झालं होतं, तरी तिच्या तोंडी सिस्टरच.

"सिस्टर, आलं का वं काय?"

"नाही अजून."

"उद्या येतंय?"

"बघू."

एवढंच आमचं बोलणं. ती हुज्जत घालत नसे. जाळीला बोटं लावून क्षणभर उभी राहायची आणि परत वॉर्डकडे जायची. तिच्या त्या मुकाट जाण्याचा मला त्रास व्हायचा. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

रविवारी सुट्टी होती. सोमवारी मी आले तेव्हा कळलं की मंगळवारी सकाळी डोळा काढायचं ठरलंय. बुबुळ पांढरं पडत चाललं होतं, आणि आण्णांना पाच दिवस झोप नव्हती. डॉ. हर्षे सकाळी व्हरांड्यात भेटले. दाढी वाढलेली होती. म्हणाले, "सही घेतली मी कागदावर. निदान वेदना तरी थांबतील." आणि ऑपरेशन थिएटरकडे गेले.

सोमवार हा प्लेटी फेकायचा दिवस. सात दिवस झालेल्या सगळ्या प्लेटी पिशवीत भरायच्या, मशीनमध्ये वाफेवर शिजवून निर्जंतुक करायच्या आणि मग कचऱ्यात. दुपारी मी कपाट रिकामं करायला घेतलं तेव्हा आण्णा आणि त्रिशला खिडकीबाहेरच्या बाकावर बसलेले दिसले. वॉर्डात उजेड फार, तो त्यांना सोसत नव्हता. लॅबपुढचा बोळ काळोखा आणि गार होता. आण्णा तोंडावर पंचा घेऊन भिंतीला टेकले होते. उंच हाडाचा माणूस, पण आठवड्यात खांदे खाली आले होते.

"त्या कसल्या ताटल्या वं सिस्टर?" त्रिशलाने विचारलं.

मी सांगितलं. डोळ्यातलं पाणी यावर लावतात, जंतू असला तर उगवतो, नसला तर नाही.

"आण्णांची कुटली?"

खरं तर दाखवायचं नसतं. पण उद्या डोळाच काढणार होते, आणि मला नाही म्हणायचंही जिवावर आलं होतं. झाकणाला चिकटपट्टी लावलेली होतीच. मी ती प्लेट पिशवीतून काढली, दार उघडून बाहेर गेले आणि तिच्या हातात दिली.

"उघडायची नाही," म्हणाले.

तिने ती उजेडाकडे धरली. पुढून बघितली, पालथी करून बघितली, पुन्हा सुलटी केली. रोप निरखायची तिची सवय असावी.

"काय दिसतंय गं?" पंच्याआडून आण्णांनी विचारलं.

"लाल हाय आण्णा. मदी चंद्रावानी रेघा वडल्यात, त्येच्यावर काय न्हाई. कडंला पांढरं हाय, बारीक बारीक. राळ्याच्या दाण्याएवढं."

"ते धुळीचं आहे," मी म्हणाले. "वाऱ्यानं पडतं. ते धरायचं नसतं."

"किती हाईत?"

"सात," ती म्हणाली. "ओळीत हाईत."

आण्णांनी पंचा खाली घेतला. तो डोळा मी त्या आठवड्यात पहिल्यांदाच बघितला आणि नजर दुसरीकडे वळवली.

"सरळ ओळीत?"

"व्हय. एकाम्होरं एक. वाफ्यात लावल्यागत."

"बाई," आण्णा माझ्या दिशेने तोंड करून म्हणाले. त्यांचा आवाज अगदी दमलेला होता, त्यात आग्रह नव्हता. "मला तुमच्यातलं काय कळत न्हाई. पर तण कुटंबी उगवतंय. वाऱ्यानं आल्यालं कदी ओळीत येत न्हाई. ओळीत आलं म्हंजी ते कुणीतरी लावल्यालं आसतंय."

मी त्रिशलाच्या हातातून प्लेट घेतली. आत गेले, दार लावलं आणि स्टुलावर बसले.

सात ठिपके होते. शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या चंद्रकोरीच्या टोकापासून निघून ते थेट कडेपर्यंत गेले होते, किंचित तिरके. गुरुवारी ते टाचणीच्या टोकाएवढे होते, आता दाण्याएवढे झाले होते, कोरडे, उंचवट्यासारखे, पिठूळ. मला गेल्या सोमवारची ती फोनची घंटा पुन्हा ऐकू आली. दचकलेला हात आठवला. माझी चंद्रकोर संपली होती तिथून तार पुढं घसरत गेली होती, आणि तिच्यावर आण्णांच्या डोळ्यातलं पाणी होतं. ठिपके रेघेबाहेर नव्हतेच. रेघ मीच बाहेर नेली होती.

हवेतून पडलेली बुरशी सात दिवसांत प्लेटभर पसरली असती, हेही मला आता सुचलं. ओळ गुरुवारीच दिसायला हवी होती, बुरशीचं शनिवारी तरी सुचायला हवं होतं. पण मी फुली मारली होती, आणि फुली मारलेल्या जागी मी पुन्हा बघतच नाही.

तारेने एक ठिपका खरवडला. तो लोण्यासारखा आला नाही, चुन्याच्या पापुद्र्यासारखा तुटला. काचपट्टीवर घेऊन क्षयाच्या जंतूंसाठी करतो तसा रंग दिला आणि नेहमीच्या कडक आम्लाने धुतला. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर सगळं धुऊन गेलेलं. मग आठवलं, मॅडमनी कधीतरी सांगितलं होतं की मातीतले काही जंतू असे असतात, त्यांचा रंग कडक आम्लात टिकत नाही, अगदी पातळ करून धुवायचं. मी आम्ल पातळ केलं, दुसरी पट्टी केली, मनात सेकंद मोजत धुतली.

मायक्रोस्कोपमध्ये गुलाबी धागे होते. बारीक, मण्यामण्यांचे, फांद्या फुटलेले. मी पुस्तकात चित्र बघितलं होतं, प्रत्यक्षात तेव्हाच बघितले. नोकार्डिया. मातीत राहणारा जंतू, डोळ्यात क्वचितच जातो. आणि त्याच्यावर चालणारं औषध म्हणजे तेच, अमिकासिन.

मी फोन उचलला आणि थिएटरला निरोप दिला की सरांना ताबडतोब पाठवा. रिसीव्हर ठेवला. प्लेट समोर पालथी पडली होती. सात फुल्या आणि बाजूला माझ्या अक्षरात चार-नऊ.

यापुढं मी जे केलं ते कुणी करायला लावलं नव्हतं. बोळातून डॉक्टरांच्या चपलांचा आवाज येत होता. मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि प्लेटची पाठ पुसली. दोन वेळा पुसली. बोळा डब्यात टाकला.

डॉ. हर्षे मायक्रोस्कोपवर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

"कधी दिसलं हे?"

"आज, सर," मी म्हणाले. "हळू वाढणारा आहे ना."

"हो, याचं असंच असतं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. "तुम्ही फेकली नाहीत प्लेट. दुसऱ्या कुणी फेकली असती."

मंगळवारचं ऑपरेशन रद्द झालं. सोमवारीच संध्याकाळी अमिकासिन टोचलं, बुधवारी पुन्हा. गुरुवारी आण्णा सलग सहा तास झोपले, असं नर्सनी येऊन सांगितलं. पू हटला, डोळा राहिला. पण मधल्या दिवसांत आत जे खायचं ते जंतूंनी खाल्लं होतं. महिन्याभराने तपासणी झाली तेव्हा हातभर अंतरावरची बोटं त्यांना मोजता येत होती. त्यापलीकडे सगळा धूर. चीर आणि पाचर दिसण्याइतकं काही उरलं नव्हतं. त्या वर्षी कलमांना त्रिशला एकटीच गेली.

"तीन-चार दिवस आधी कळलं असतं तर हा माणूस पेपर वाचत बसला असता," डॉ. हर्षे त्या दिवशी चहा पिताना म्हणाले. मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जंतूच तसा. तुम्ही होतात म्हणून डोळा तरी राहिला."

मी चहा संपवला आणि कपबशी विसळून ठेवली.

पुढं त्यांनी ही केस डॉक्टरांच्या परिषदेत मांडली. पडद्यावर आमच्या प्लेटचा फोटो आला आणि खाली ओळ आली, 'वाढ: सातव्या दिवशी'. हॉलमधले तरुण डॉक्टर ती वहीत उतरवून घेत होते. म्हणजे माझं खोटं आता अभ्यासाला लागलं होतं. दवाखान्याच्या वर्धापनदिनाला मला शाल मिळाली. ती मी सासूबाईंच्या पायांवर घातली, त्यांना थंडी फार वाजायची.

मी काही बदलले का, तर बदलले. त्यानंतर मी कुठल्याही ठिपक्यावर फुली मारली नाही. डोळ्याची प्लेट तीन-तीन आठवडे फेकत नसे. नवे टेक्निशियन आले ते वैतागायचे, कपाटात जागा उरत नाही म्हणायचे. मी त्यांना म्हणायची, असू दे, तुमचं काय जातंय. रेघ ओढताना फोन वाजला तर वाजू द्यायचा, हेही शिकवलं. का ते सांगितलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये एसटीच्या कंडक्टरबरोबर द्राक्षांची पेटी आली. वर चिठ्ठी होती, 'लॅबच्या सिस्टरना, आण्णांकडून'. अक्षर त्रिशलाचं. हिरवी, लांबट, पातळ सालीची द्राक्षं. मी एकही मणी तोंडात घातला नाही, सगळी वॉर्डात वाटली. पेशंट दुवा देत होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं. त्याच्या पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पेटी आली. मग दरवर्षी. फेब्रुवारी सरत आला की मला झोप लागेनाशी व्हायची. डॉ. हर्षे नवव्या वर्षी वारले. त्यांना सांगायचं राहून गेलं असं मी लोकांपाशी म्हणू शकते. ते खरं नाही. रोज भेट व्हायची, रोज मी सांगितलं नाही.

अकरावी पेटी आली त्याच महिन्यात मी निवृत्त झाले. सासूबाई गेल्या होत्या, मुलगा नोकरीला लागला होता. घरी बसल्यावर दमणूक जाईल असं वाटलं होतं, ती गेली नाही. पाऊस सरता सरता एका सकाळी मी तासगावची एसटी पकडली, तिथून दुसरी.

मगदुमांची रोपवाटिका रस्त्याला लागूनच होती. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांतली हजारो खुंटरोपं, दोरी लावल्यासारखी ओळीत. पंधरा-वीस बायका बसून कलमं भरत होत्या आणि त्रिशला मधून फिरत होती. केस पांढरे व्हायला लागले होते तिचे. तिने मला बघितलं, ओळखलं, आणि आण्णा कुठं बसलेत ते हाताने दाखवलं.

आण्णा शेडच्या टोकाला घोंगडीवर बसले होते. भरलेलं एकेक कलम पुढ्यात घेऊन अंगठ्याने पट्टीचा ताण बघायचे. सैल लागलं की बाजूला, घट्ट लागलं की पलीकडे.

"कोण?" ते म्हणाले.

"मी तांबट. दवाखान्यातली. लॅबमधली."

"सिस्टर व्हय." त्यांनी घोंगडी चाचपून जागा केली. "बसा."

मी बसले. वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं विसरले.

"आण्णा, ते सातव्या दिवशी नव्हतं दिसलं," मी म्हणाले. "गुरुवारी दिसलं होतं. मी हवेतलं समजून फुली मारली. रेघ माझ्याच हातानं चुकली होती. मग सरांना खोटं सांगितलं. चार दिवस आधी कळलं असतं तर तुमची नजर राहिली असती."

त्यांचा अंगठा पट्टीवर थांबला. मग फिरला, कलम पलीकडे ठेवलं, दुसरं घेतलं.

"ठावं हाय," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही.

"त्याच दिशी सांगितलं मला त्रिशलानं. फुलीच्या बाजूला तारीख हुती म्हणाली, गुरवारची."

"आन ती तुमी बोळ्यानं पुसलासा," मागून त्रिशलाचा आवाज आला. ती चहाचे दोन पेले घेऊन उभी होती. "जाळीतनं दिसत हुतं."

रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नुसती लाज वाटली, अकरा वर्षं साठवलेली, ताजी.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कवा बोलायचं?" आण्णा म्हणाले. "तवा डोळा तुमच्या हातात हुता. तवा भांडून चालतंय व्हय? आन मागनं बोलून डोळा थोडाच येणार हुता."

"मग दरवर्षी पेटी कशाला पाठवत होता?"

त्यांनी हातातलं कलम अंगठ्याने पुन्हा एकदा दाबून बघितलं. सैल असावं. बाजूला ठेवलं.

"तुमी कवातरी येऊन सांगशिला म्हणून," ते म्हणाले.

"मला वाटलं हुतं पयल्या पेटीलाच येशिला," त्रिशला म्हणाली आणि पेला माझ्यापुढे ठेवून बायकांकडे परत गेली.

मी चहा प्याले. आण्णा एकेक कलम तपासत होते. निघताना त्यांनी विचारलं, परतीची एसटी किती वाजता आहे. मी सांगितलं. सावकाश जावा, म्हणाले.

पुढच्या मार्चमध्ये पेटी आली नाही.